बाप्पांनी धुतलेला मास्क

एप्रिल २०२०, सोमवार. आरोग्य केंद्रात सकाळी हजर: डॉक्टर, दोघी सिस्टर, स्टोअर सांभाळणारी मी आणि अँब्युलन्सचे ड्रायव्हर बाप्पा. बाप्पांची गाडी आमच्या आधी धुऊन उभी असे. समोर दिसेल ते ते धुवायचे. चाकं, स्ट्रेचर, खांद्यावरचा दुपट्टा. एकदा माझ्या टेबलावरचं कॅलेंडरसुद्धा ओल्या फडक्यानं पुसून पार पुसट केलं होतं.

वाक्यागणिक ‘बाप्पा’ म्हणत, म्हणून ते नाव. घर आष्टीकडे, नोकरी कंत्राटी. घाबरलेल्या पेशंटला सांगत, “डोये मिट बाप्पा. उघडशीन तं वर्धा आलं राहीन.”

तेव्हा एन-९५ मास्क सरकारी आदेशातल्या यादीप्रमाणेच द्यायचे होते. यादीत डॉक्टर होते, सिस्टर होत्या, ड्रायव्हर नव्हता. तापाचे पेशंट मात्र बाप्पाच नेत. मी वर पुन्हापुन्हा लिहिलं, तेव्हा त्यांच्यासाठी एक मंजूर झाला. जपून वापरावा, अशी ताकीद.

बाप्पांनी जपला. त्याच संध्याकाळी साबणाच्या पाण्यात घातला. सकाळी तो गाडीच्या आरशाला वाळत होता, नव्याहून स्वच्छ.

“अहो, हा धुवायचा नसतो! आता हा नुसता कपडा झाला.”

“मंग दुसरा द्या ना ताई. घाण कपडा तोंडाले कोण लावते?”

दुसरा मागितला. वरून विचारणा आली: मास्क धड दिसतो, मग निकामी कसा? जबाबदार कोण? नाव लिहिलं तर कंत्राट जाणार. न लिहिलं तर मास्क नाही.

“फाटला म्हणून लिहू?”

“आन् दाखवा म्हणतीन तं? तुमचीबी नोकरी जाईन.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “माह्यं नाव नका लिहू ताई. पोरी शिकून राह्यल्या. तवरिक दुपट्टा हाय ना.”

तेवढ्यात अल्लीपूरहून फोन आला. एका बाईला धाप लागली होती. बाप्पांनी तोंडावर दुपट्ट्याचे दोन वेढे घेतले आणि गाडी काढली.

काही दिवसांनी त्यांनाच ताप आला. त्याच गाडीत मागे झोपून वर्ध्याला गेले. चालवायला दुसरा माणूस होता. परत आले नाहीत. पुढे यादीत ड्रायव्हर आला, मास्कांची खोकीही आली.

मी काम शिल्लक ठेवत नाही. पण स्टोअरच्या दर तपासणीत त्या एका मास्कचा प्रश्न निघतोच: कारण लिहा, जबाबदार व्यक्तीचं नाव लिहा. आता लिहिलं तर कोणाचंच कंत्राट जाणार नाही. खुलासा अजून द्यायचा आहे.