साखरेच्या नावावरून मारामारी

लग्न ठरवताना माझ्या भाचीनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. "मामा, पोरगा काळा असो नाही तर गोरा, घर लहान असो. फक्त त्या घरात बाईवर हात नाही उठला पाहिजे. तेवढं पाहून सांगजा." तिचा बाप माझ्या बहिणीला नळीनं मारायचा आणि पोरगी दाराआडून ते बघत मोठी झाली. तो मेला तेव्हा आमच्यातलं कुणी रडलं नाही, मी तर मुळीच नाही.

मुलगा जळगाव जामोदचा. मी स्वतः जाऊन चौकशी केली. शांत आहे, निर्व्यसनी आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं चार लोकांनी सांगितलं. म्हटलं, करा पक्कं. मेहकरला बहिणीच्या घरी साखरपुडा झाला. मुलाच्या आईनं भाचीची ओटी भरली, साखरेचा पुडा हातात दिला आणि तिच्या गालावरून हात फिरवला.

मग चहा-चिवडा आला. मी पुण्यात परदेशी भाषा शिकवतो हे मुलाच्या वडलांना, म्हणजे आमच्या व्याह्यांना, कळलं होतं. म्हणाले, "सांगा बरं, साखर हा शब्द आपणच युरोपाले दिला ना?" मला तेवढंच निमित्त पुरतं. सुरू झालो. आपली शर्करा इराणात शकर झाली, अरबांनी तिची सुक्कर केली. अरबीत नावाआधी 'अल' लागतो, स्पेनमध्ये त्यातला 'अ' तिला चिकटला तो सुटलाच नाही, म्हणून तिथे असूकार. इटलीत झुक्केरो, फ्रान्समध्ये स्युक्र, जर्मन लोक त्सुकर म्हणतात, आणि रशियन माणूस तर जवळजवळ साखरच म्हणतो. सून सासरी गेली की हळूहळू तिथल्यासारखी बोलायला लागते, तसंच हे.

व्याही खूश झाले. "पण आपणही घेतलंच की," मी पुढे म्हटलं. "खडीसाखरेला मिसरी म्हणतात, ते नाव मिसर देशावरून, म्हणजे इजिप्तवरून आलं. हिंदीतली चिनी चीनवरून."

व्याह्यांचा चेहरा बदलला. "म्हणजे आपलं काहीच नाही म्हणता? चार बुकं शिकले का घरच्याच अन्नाले नावं ठेवता."

तिकडून बायकांतून मुलाची आई हसून म्हणाली, "खरं हाय त्यायचं. माझं माहेर बऱ्हाणपूरकडचं, आम्ही चिनीच म्हणत होतो."

व्याही उठले आणि सगळ्यांदेखत त्यांनी बायकोच्या थोबाडीत मारली. तिचं डोकं भिंतीवर आपटलं, ओठ फुटला, बांगड्या पिचल्या. कुणी जागचं हललं नाही. मुलगा चिवडा खात होता. त्यानं तोंडातला घास गिळला आणि म्हणाला, "आई, तू काऊन मधात बोलते?"

माझं टाळकंच फिरलं. व्याह्याची गचांडी धरली आणि कानाखाली वाजवली. त्याच्या भावानं पाण्याचा तांब्या माझ्या तोंडावर हाणला. दात हलला, शर्टावर रक्त सांडलं. मी त्या भावाला खुर्चीसकट पाडलं, छातीवर बसलो आणि हात भरून येईपर्यंत मारलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं. भाचीच्या बापावरचा सगळा राग त्याच्यावर निघत होता. शेवटी चौघांनी मला ओढून काढलं.

मग समजावणं सुरू झालं. रागाच्या भरात होतं, भांड्याला भांडं लागतं, ठरलेलं मोडू नका. माझी बहीण, जिनं जन्मभर मार खाल्ला, तीसुद्धा म्हणाली, "लोक काय म्हणतील?" मला तिचाही संताप आला.

भाची उठून मुलासमोर जाऊन उभी राहिली. "तुमच्या आईचा ओठ फुटला. तुम्ही पाह्यलं का?"

"घरातली गोष्ट आहे ते," तो म्हणाला. "तू नको लक्ष देऊ."

तिनं पुडा उचलला, त्याच्या आईच्या मांडीवर ठेवला आणि तिच्या पाया पडली. ओठावर पदर दाबत ती बाई हळूच म्हणाली, "बरं केलं, पोरी."

बाहेर त्यांची गाडी सुरू झाली. व्याह्यांनी दार उघडून धरलं आणि बायकोला म्हणाले, "घरी चाल, मग पाह्यतो तुले." आपली पोर वाचली म्हणून आम्ही सगळे सुटकेचा निःश्वास टाकत दारात उभे होतो. ती बाई पुडा हातात घेऊन गाडीत बसली, आणि आमच्यापैकी कुणीही तिला उतर म्हटलं नाही.