मामाचं रक्त

माझ्या भाचीला थॅलेसेमिया आहे. दर महिन्याला ताई तिला रक्त चढवायला देऊळगाव राजाहून संभाजीनगरला नेते. मी देऊळघाटचा मास्तर, सख्खा मामा. शाळेत रक्तदानावर उत्तम भाषण करतो आणि सुईला भितो.

गेल्या दिवाळीनंतर तिथल्या रक्तपेढीत मशीन आलं. एका माणसाकडून एकाच वेळी दोन माणसांइतक्या तांबड्या पेशी काढतं म्हणे, पण माणूस धष्टपुष्ट हवा. माझं नव्वद किलो वजन आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला तरी पसंत पडलं. आता सबब उरली नाही.

मशीन रक्त ओढायचं, तांबड्या पेशी ठेवून घ्यायचं आणि उरलेलं पिवळं पाणी त्याच सुईनं मला परत करायचं. लोणी ठेवून ताक परत देण्यातला प्रकार. ओठांना मुंग्या आल्या तेव्हा मी मनातल्या मनात सगळ्यांना माफ करून टाकलं. सिस्टरनी कॅल्शियमची गोळी दिली आणि मुंग्या गेल्या.

घरी आईला हे रुचलं नाही. "दान देल्यावर वापस घेतात काय रे? अर्धं वापस काऊन आणलं?" मी प्लाझ्मा समजावून सांगितला, तिनं ऐकून घेतला नाही. तरी नातीच्या अंगात आता मामाचं रक्त आहे, हे तिनं गल्लीभर सांगितलं. मीही कोणाला अडवलं नाही.

पुढच्या महिन्यात मी मुद्दाम ताईबरोबर गेलो. भाचीच्या उशाशी टांगलेली पिशवी दाखवून म्हणालो, ही माझीच. भाची दहा वर्षांची, पण या विषयात माझ्याहून शिकलेली.

"घरच्यांचं देत नसतेत, मामा. तुमचं दुसऱ्या कुणाला तरी गेलं असंल."

सिस्टरनीही मान डोलावली; जवळच्या नात्यातलं रक्त अशा मुलांना बाधू शकतं, म्हणाल्या. मला खरंच राग आला. सुई मी सोसली आणि मामा भलताच. मग ही पिशवी कोणाची, मी जरा तोऱ्यातच विचारलं.

"काय माहीत. दर वेळी नवीन असतंय. मी सगळ्यांना मामाच म्हणते." ती थेंबांकडे बघत होती. "उन्हाळ्यात आठ दिवस कुणीच मामा आला नव्हता. मला उठून बसता येत नव्हतं."

उन्हाळ्यात मी घरीच होतो. शाळेला सुट्टी होती.