परत मिळालेले चार दिवस

जर्मनीत एश्बॉर्नच्या आमच्या ऑफिसात रजा बघणाऱ्या बाई अगदी हळू बोलतात आणि बोलणं ‘गेनाऊ’वर, म्हणजे ‘अगदी बरोबर’वर, संपवतात. परवा कॉफी घेताना अमेरिकेहून बदलून आलेला सहकारी हसत म्हणाला, "माझ्या सुट्टीतले चार दिवस तापातच गेले."

बाईंनी कप खाली ठेवला. "डॉक्टरची चिठ्ठी आहे?"

"आहे. पण तिकडे आमचं आजारपण रजेतूनच कापतात."

"इथे नाही. आजारी माणूस सुट्टीवर नसतो. गेनाऊ."

संध्याकाळच्या आत त्यांनी त्याचे चारही दिवस परत दिले. तो सहाफुटी गडी देव भेटल्यासारखा त्यांच्याकडे बघत राहिला. मीसुद्धा.

गेल्या दिवाळीच्या रजेत पुण्यात तापाने फणफणत मी ऑफिसचे कॉल घेतले होते. हे बाईंना सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही.