फालसा-मोसंबी आणि मला चढलेली जिन

आता काय सांगू, त्या संध्याकाळी मला जी चढली तशी आजवर कुणालाच चढली नसेल! हसू नका. निदान चहा संपेपर्यंत तरी दम धरा.

स्कॉटलंडात अन्नशास्त्र शिकून मी परतले ती डोक्यात एकच ध्यास घेऊन. तिकडचे लोक रानातली फळं जिनमध्ये घालतात, मग आपला फालसा का नाही? आंबट-तुरट, जांभळा, उन्हाळा सरला की गायब! जोडीला आपली मोसंबी, पुदिना, बर्फ. अख्खा मराठवाडा एका ग्लासात!

शहागंजच्या बाजारात फालसेवाल्या चाचांना मी विचारलंसुद्धा, "चाचा, हा जिनमध्ये कसा लागेल?"

चाचा दचकलेच. "बेटा, नमक लगाके खाव. अच्छी चीज का कायकू सत्यानास करते?"

पण मी थांबते की काय! चिकलठाण्याजवळ बाबांचे मित्र अण्णा यांचं गार्डन हॉटेल आहे, परमिट रूमसकट. "संध्याकाळी घरी येऊन चाखतो. आवडलं तर ह्याच उन्हाळ्यात मेनूवर घेतो," म्हणाले. माझं सगळं भवितव्य त्या एका ग्लासावर!

आईला उगाच धक्का नको म्हणून मी जिनच्या बाटलीचं लेबल भिजवून सोलून काढलं आणि बाटली गुपचूप फ्रिजमध्ये ठेवली. हुशारी बघा माझी!

संध्याकाळी अण्णा गच्चीवर बसले. मी फालशाचा रस गाळला, मोसंबी पिळली, बाटलीतून माप ओतलं. अण्णांनी घोट घेतला.

"गार आहे. झकास आहे. पण पोरी, जिन कुठाय?"

"हीच तर कला आहे, अण्णा! ती मागून येते."

आम्ही वाट पाहिली. मी दोघांच्याही ग्लासांत आणखी ओतली.

"आता?"

"नाय गं."

मला भलतंच कुतूहल वाटायला लागलं. ह्यांना काहीच होत नाही आणि मला दुसऱ्याच ग्लासात गच्ची हलल्यासारखी वाटतेय? असं कसं? वजनाचा फरक? सवयीचा? की फालशातच काही गुण आहे? मी अण्णांची नाडी पाहिली. त्यांच्या डोळ्यांत मोबाइलचा उजेड मारला. मग मी मराठवाड्याच्या फळांवर भाषण केलं आणि मध्येच रडलेसुद्धा!

अण्णा चुळबुळत जायला उठले तशी मी त्यांच्या हातातली गाडीची किल्ली हिसकावली.

"अण्णा, मी रिक्षा बोलावते. तुम्हाला चढलीय!"

"मला? अगं, लघवीला लागलीय फक्त!"

"चढलेल्या माणसाला ते कळत नसतं!"

तेवढ्यात आई नाकाला पदर लावून वर आली. "अगं, खाली चल बरं. कूलरमधून कसला उग्र वास यायलाय? तुझे बाबा समोर बसून नुसते हसायलेत."

मी आईचा हात धरला. "कूलरमध्ये काय घातलंस तू?"

"मी कशाला काय घालू? दुपारी इतक्या दिवसांनी नळाला पाणी आलं. दर वेळी करते तेच केलं. फ्रिजमधल्या बाटल्यांतलं शिळं पाणी कूलरमध्ये ओतलं, ताजं भरून ठेवलं. तुझ्या त्या नव्या बाटलीतपण. झाकण लई घट्ट होतं बाई!"

माझी गच्ची हलायची क्षणात थांबली. म्हणजे इतका वेळ मी नळाचं पाणी पिऊन झिंगत होते?

अण्णांनी माझ्या मुठीतली किल्ली हळूच सोडवून घेतली.

"अण्णा," मी कसंबसं विचारलं, "मग मेनूचं काय?"

"घेतो की. चव खरंच लई भारी आहे. पण बिनदारूचंच घेतो, आणि एक अट."

"कोणती?"

"हॉटेलात आलीस तर तुला एकच ग्लास मिळंल. तुला झेपत नाय."