काठावरचे दोन ठसे

भवानी पेठेतल्या कडक भाकरीच्या केंद्रात राजाबाई बावीस वर्षं भाकऱ्या थापत होती. आपल्यासारखी भाकरी अख्ख्या सोलापुरात कुणाला जमत नाही, असं तिचं मत होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण दुधनीची वैजयंती कामाला आली आणि राजाबाईच्या पोटात दुखायला लागलं. पोरगी हसून बोलायची, कानडी गिऱ्हाइकाला कानडीत उत्तर द्यायची, मालकीणबाई शुभदाताई तिला ‘वैजू’ म्हणायच्या. राजाबाईला बावीस वर्षांत कुणी राजू म्हटलं नव्हतं.

त्यात ताईंनी सात रस्ता चौकात दुकान घेतलं. तिथं काचेमागे बसून लोकांदेखत भाकरी थापायला एकच बाई हवी होती. ‘‘उद्या दोघींच्या वाळलेल्या भाकऱ्या मोडून बघते, मग ठरवते,’’ ताई म्हणाल्या. कुणाची भाकरी कोणती, हे काठावर कळायचं. तव्यावर टाकण्याआधी राजाबाई बोटाचा एक ठसा उमटवायची, वैजयंती दोन.

त्या दिवशी राजाबाईनं आपल्या भाकऱ्या इतक्या जपून थापल्या, की जपण्याच्या नादात कडा फाटल्या. ती आणखीच जळली. वैजयंती जेवायला उठताच राजाबाईनं तिच्याच पिठाच्या चार भाकऱ्या थापायला घेतल्या. मध्ये जाड ठेवायच्या, म्हणजे वाळून वातड होतील. काठाला दोन ठसे, वैजयंतीच्या चवडीत सगळ्यात वर, की झालं! पण ठसे उमटवण्यापुरतं सोडलं, तर सगळं लक्ष दाराकडे. आणि लक्ष नसलं की हात सवयीनंच चालतात.

दुसऱ्या दिवशी ताईंनी राजाबाईची भाकरी मोडली आणि बाजूला ठेवली. मग वैजयंतीच्या चवडीतली वरची उचलली. पापडासारखी पातळ, कटकन मोडली.

‘‘वैजू, तूच बसायचं दुकानात.’’

वैजयंतीनं तुकडा निरखून बघितला. ‘‘ताई, ही माजी न्हाय. माज्या हाताला एवढी पातळ येतच न्हाय.’’

‘‘मग कुणाची?’’

राजाबाईला ‘माजी’ एवढंच म्हणायचं होतं. पण मग ते दोन ठसे कुणी उमटवले, तेही सांगावं लागलं असतं.

‘‘तुजीच हाय की गं,’’ ती म्हणाली. ‘‘ठसं बघ की. लाजतीस कशाला?’’

‘‘बघा, मन असावं तर असं!’’ ताई सगळ्यांना म्हणाल्या. राजाबाईनं मान खाली घालून पुढचं पीठ मळायला घेतलं.