तीन वाजताचं व्याख्यान

वर्ध्याच्या एका कॉलेजात प्रमोदिनी ढगे वरिष्ठ लिपिक होत्या. एकोणीस वर्षं कॉलेजचं वेळापत्रक त्याच लावत, त्यामुळे कुठल्या तासाला कोण काय बहाणा सांगतो हे त्यांना तोंडपाठ होतं. म्हणूनच, विश्वकिरणांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांची तीन दिवसांची बैठक कॉलेजात ठरली तेव्हा भौतिकशास्त्राचे निशांत सर आपलं सातवं वेळापत्रक फाडून त्यांच्या टेबलाशी आले.

"मॅडम, मले वाचवा. चौतीस व्याख्यानं हायेत. जेवणानंतर कोणाले नको, अन् शेवटच्या दुपारी तं कोणालेच नको."

"काऊन?"

"जेवल्यावर लोक झोपतात. अन् शेवटच्या दिवशी बारा वाजले का सारे स्टेशनवर!"

मॅडमनी पुण्याच्या एका बड्या प्राध्यापकांना फोन लावला. "सर, तुम्हाला शेवटच्या दिवशी तीन वाजता ठेवलंय."

"छे छे! अजिबात जमणार नाही."

"मग पहिल्या दिवशी, जेवणानंतर?"

"हां, ते उत्तम!"

बारावीचा शेवटचा तास गणिताच्या मास्तरांच्या गळ्यात मारताना त्या अशाच बोलत. दोन दिवसांत तेहतीस जण मार्गी लागले.

उरली ऋचा. नाचणगावची पोरगी, संशोधनाचं दुसरं वर्ष, पहिलंच व्याख्यान. ती कशालाही 'हो मॅडम' म्हणे. तीन वाजताची वेळ तिलाच दिली, पण मग मॅडमना जेवण गोड लागेना. पोरीचे आईवडील ऐकायला येणार होते. त्यांना काय रिकाम्या खुर्च्या दाखवायच्या?

त्यांनी वेळापत्रकाच्या तळाशी एक ओळ वाढवली: स्टेशनसाठी बस, दुपारी चार. कोणी हरकत घेतली नाही. प्रत्येकानं आपापलं नाव तेवढं शोधलं होतं.

तिसऱ्या दिवशी जेवण आटोपताच मंडळी बॅगा ओढत फाटकाशी. ड्रायव्हर हेमराज बसच्या दाराला कुलूप घालून लिंबाखाली डबा खात होता.

"बस कधी निघणार?" पुण्याचे प्राध्यापक.

"चार वाजता. मॅडमनं लिहून देलं हाय."

ऊन मी म्हणत होतं. सभागृहात पंखे होते. मंडळी बॅगांसकट परत खुर्च्यांवर येऊन बसली.

ऋचाचा आवाज पाच मिनिटं कापला. मग पुण्याच्या प्राध्यापकांनी तिरका प्रश्न टाकला, तिनं सरळ उत्तर दिलं, दुसऱ्यानं हात वर केला, आणि वाद असा रंगला की चार वाजून गेले. मॅडमनी घंटी वाजवली. कोणी हलेना. सव्वाचार झाले. गाडी पाचची! आता मॅडमचाच जीव टांगणीला. त्या तडक व्यासपीठावर चढल्या.

"उठा आता! गाडी सुटली तं माह्याच नावानं बोंबलसान!"

बाहेरगावच्यांना शब्द कळले नसतील, सूर कळला. एकच पळापळ झाली. हेमराजनं बस अशी दामटली की सगळे वेळेत पोचले, आणि गाडीच वीस मिनिटं उशिरा आली.

सभागृहात ऋचा घटाघटा पाणी पीत होती. "मॅडम, मी लय चुकली का?"

"मले का समजते त्यातलं! पण एकही जण झोपला नाई."

मांडीवर बॅग घेऊन कोणाला झोप येत नाही, हे मात्र त्यांनी पोरीला सांगितलं नाही.