बाहेरून कडी

सत्तरच्या दशकात नागपूरच्या एका दैनिकात रविवारच्या पुरवणीचं काम माझ्याकडे होतं. एका आठवड्यात ऐनवेळी एक लेख आला नाही आणि अर्धं पान रिकामं राहिलं. कचेरीत सोव्हिएत वकिलातीकडून फुकट येणाऱ्या पुस्तिकांच्या गठ्ठ्यात एका रशियन खेड्याचा इतिहास पडला होता, इंग्रजीत. त्यावरून मी लेख केला.

राय नावाचं धान्य पेरायचं, गाय पाळायची, थंडीआधी लाकडी भिंतींच्या फटींत शेवाळ कोंबायचं, असं ते गाव. बाकीचा इतिहास मारहाणीचा होता. जमीनदार आपल्या माणसांना ओल्या काठ्यांनी फोडून काढायचा आणि काठी गावातल्याच कोणाच्या तरी हातात द्यायचा. क्रांतीनंतरच्या यादवीत एका फौजेने घोडे ओढून नेले. दुसरी आली आणि पहिलीला घोडे दिले म्हणून तिने चौघांना विहिरीपाशी उभं करून गोळ्या घातल्या. ही दुसरी फौज झारच्या बाजूची होती, असं पुस्तिकेत ठळक लिहिलं होतं. पहिली कोणाची, ते लिहिलं नव्हतं. शेवटी महायुद्धात जर्मन आले. त्यांनी म्हातारे आणि बायका गवताच्या कोठारात भरल्या, दाराला बाहेरून अडसर घातला आणि छपराला आग लावली. रानात लाकडं तोडायला गेलेले तेवढे वाचले. त्यांनी गाव पुन्हा वसवलं, पण कोठाराची जागा कोणी नांगरली नाही.

पुस्तिकेतली चित्रं ट्रॅक्टरची होती. मला जळालेलं गाव हवं होतं. छापखान्याच्या फोरमनने चित्रं छापायच्या जुन्या ब्लॉकचा खण उपसून एक ब्लॉक काढला. त्याच्या लाकडी पाठीवर ‘जळालेली घरे’ एवढंच लिहिलेलं होतं.

“हा कुठला?” मी विचारलं.

“जळकं मागितलं, जळकं दिलं. रशियाले कोण पाहून आलं गा?”

ठसा काढून पाहिला. छप्पर नव्हतं. काळे खांब, ढिगारा, आणि मधोमध चौकटीत अडकून राहिलेलं एक अर्धवट जळालेलं दार. दाराला बाहेरून कडी लावलेली होती. माझ्या लेखातल्या वाक्याला ते चित्र इतकं नेमकं बसत होतं की मी पुढे चौकशी केली नाही. चित्राखाली मीच ओळ लिहिली: ‘जर्मनांनी जाळलेलं घर. बाहेरून लावलेली कडी अजून तशीच.’

बुधवारी दुपारी नरखेड तालुक्यातला एक शेतकरी कचेरीत आला. गावच्या न्हाव्याच्या दुकानात त्याला ते पान दिसलं होतं. त्याने ते माझ्या टेबलावर पसरलं.

“साहेब, हे माहं घर होय.”

“हे रशियातलं खेडं आहे,” मी म्हणालो.

“माही माय रशियात जळली काय जी?”

त्याने चौकटीवर बोट ठेवलं. “हा खिळा पाहा. यावर मी बैलाचं मुस्कं टांगत होतो.”

मग त्याने सगळं क्रमाने सांगितलं. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चुलतभावाशी वैर होतं. आधी चुलतभावाने त्याच्या बैलाच्या पायावर कुऱ्हाड घातली. दुसऱ्या दिवशी हा संत्री घेऊन बाजाराला गेला असताना भरदुपारी घर पेटलं. म्हातारी आई आत होती. शेजाऱ्यांनी तिचं ओरडणं ऐकलं. चुलतभाऊ अंगणात कुऱ्हाड घेऊन उभा होता, म्हणून कोणी पुढे गेलं नाही. पंचनाम्यात चुलीची ठिणगी लिहिली गेली.

“कडी बाहेरून होती हे तुमाले दिसलं. मंग पोलिसाले काहून नाही दिसलं?”

मी चौकशी केली. आमचा छायाचित्रकार आगीनंतर एसटीने तिथे जाऊन आला होता. ब्लॉकही तयार झाला होता. बातमी पोलिसांच्या खुलाशासाठी थांबवली गेली. खुलासा चुलीचा आला आणि बातमी रद्द झाली. ब्लॉक खणात गेला.

त्या माणसाची मागणी एकच होती: चित्र आमच्या गावाचं आहे, एवढं छापा. त्यावर तो कोर्टात जाणार होता. संपादक म्हणाले, “खुलासा द्या, पण गावाचं नाव नको. पंचनामा चुलीचा आहे, उद्या आपल्यालाच खेचतील.” मी दोन ओळी लिहिल्या. रशियन खेड्यावरील लेखासोबतचं चित्र त्या खेड्याचं नव्हतं. चुकीबद्दल दिलगीर आहोत. नाव घातलं नाही. त्यासाठी भांडलोही नाही. छायाचित्राची एक प्रत मात्र त्याला दिली.

त्याने खाजगी फिर्याद केली. खटला उभा राहिला तोवर छायाचित्रकार नोकरी सोडून गेला होता. त्याचा पत्ता लागला नाही, निगेटिव्हही सापडली नाही, म्हणून मी दिलेली प्रत एकटी पुरावा ठरेना. कोर्टात मला बोलावलं. आरोपीच्या वकिलाने आमचा अंक उघडून धरला.

“हे चित्र कुठलं?”

“नरखेड तालुक्यातलं.”

“आपण तिथे गेला होता?”

“नाही.”

“मग रशियात गेला होता?”

लोक हसले. माझ्या खुलाशात गावाचं नाव आहे का, हा त्याचा शेवटचा प्रश्न होता. मी नाही म्हणालो. शेजारी साक्षीला आलेच नव्हते. चुलतभाऊ सुटला.

बाहेर जिन्यावर तो शेतकरी भेटला. शिवी देईल असं वाटलं होतं. त्याने अंकाची घडी घालून माझ्या हातात दिली. “घ्या जी. हे तुमचंच होय.”

पुढच्या पेरणीआधी त्याने त्याच धुऱ्यावर चुलतभावाच्या मानेवर कुऱ्हाडीचे तीन घाव घातले आणि चालत ठाण्यात जाऊन बसला. आमच्या बातमीदाराने फोनवर मजकूर सांगितला, मी उतरवून घेतला. पोलिसांचा खुलासा त्याच संध्याकाळी आला. दुसऱ्या दिवशी बातमी पहिल्या पानावर होती, गावाच्या नावासकट.